बँकॉकच्या जेवणाची खरी हकीकत

गेल्या महिन्यात नागपूरच्या एका मासिकाच्या संपादकांचे पत्र आले. जुन्या दिवाळी अंकांतल्या निवडक प्रवासवर्णनांचे ते पुस्तक काढणार आहेत आणि माझा सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, प्रवासाचा लेख त्यांना त्यात हवा आहे. "विशेषतः उपाहारगृहातील जेवणाचा प्रसंग," असे त्यांनी लिहिले होते, "तो वाचताना आजही हसू आवरत नाही." पत्र वाचून मी अंगणात गेलो, परत आलो, पुन्हा वाचले. तेव्हापासून एका जागी धड बसवत नाही. जेवताना मध्येच उठतो. सूनबाई विचारते, काय शोधता? काही नाही, म्हणतो.

तो प्रसंग मी लिहिला तसा घडला नाही. जेवण झाले, उलटी झाली, एवढे खरे. पण त्यातल्या दोन माणसांची मी अदलाबदल केली. ज्याची फजिती झाली त्याला शहाणा केले आणि जो शहाणपणाने वागला त्याला विदूषक. आणि त्यापुढे आणखी एक गोष्ट केली, जी लेखातही नाही आणि कोणाला ठाऊकही नाही. म्हणून तो प्रवास पुन्हा पहिल्यापासून सांगतो.

बल्लारशा

एकोणीसशे पन्नासच्या दशकाची सुरुवात होती. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत आणि गडचिरोली त्याच जिल्ह्यात होते. बल्लारशाला रहमतशेठची सागवानाची वखार होती आणि मी तिथे मुन्शी होतो. आलापल्लीच्या जंगलातला माल लिलावात घ्यायचा, वखारीत आणायचा, कलकत्त्याला पाठवायचा, असा धंदा. कलकत्त्याच्या भागीदाराला सयामचे सागवान मागवायचे होते, पण पैसे गुंतवण्याआधी ते कोणीतरी जाणत्याने पाहून यावे असे शेठचे मत पडले.

जाणता म्हणजे दसरू. दसरू वेलादी हा आलापल्लीच्या पलीकडच्या एका गावचा माडिया आदिवासी. वय तिशीच्या आत. कुऱ्हाडीच्या पाठीने लठ्ठ्यावर तीन ठिकाणी ठोकायचा, डोके कलते करून ऐकायचा आणि आत पोकळ आहे की भरीव ते सांगायचा. सात वर्षांत तो दोनदा चुकला होता, आणि त्या दोन्ही चुका तो स्वतःच लोकांना सांगत असे.

शेठ म्हणाले, "मुन्शी, तुम अंग्रेजी बोलो, दसरू लकडी से बोलेगा. दोनो साथ जाओ."

मी ब्राह्मण, एकादशी पाळणारा. कांदा-लसूणही खात नसे. सामानात मी स्टोव्ह, पोहे, मेतकूट, गुळपापडीचे लाडू आणि साबुदाणा बांधून घेतला. दसरूने एक धोतर, एक नवा पंचा आणि कुऱ्हाडीचे नुसते पाते घेतले. दांडा तिथे मिळेल, म्हणाला. कलकत्त्याहून विमानात बसलो तेव्हा मी डोळे मिटून रामरक्षा म्हणत होतो, आणि तो खिडकीला नाक लावून खालची नदी पाहत होता. लेखात मी हेही उलटे लिहिले आहे.

बँकॉक

या शहरात रस्त्यांपेक्षा कालवे जास्त होते. घरे लाकडी खांबांवर पाण्यात उभी. बायका होड्यांतून भाजी विकत, घरातली बाई पायऱ्यांवर बसून पाण्यात पाय सोडून भाव करी. देवळांची छपरे सोन्यासारखी चकाकत. पहाटे पिवळ्या वस्त्रांतले भिक्षू पात्र घेऊन निघत आणि लोक दारात उभे राहून त्यांना भात वाढत. आपल्याकडे माधुकरी मागणारा दारात उभा राहून हाक मारतो. इथे भिक्षू एक शब्द बोलत नाही आणि वाढणाराच हात जोडतो. हे पाहून मला बरे वाटले. बाकी मला काहीच बरे वाटत नव्हते. हवेत सुकलेल्या मासळीचा वास, घामाने सदरा पाठीला चिकटलेला. रोज सकाळी मी खोलीत स्टोव्ह पेटवून पोहे भिजवायचो, मालक दार ठोठावून धूर कसला म्हणून विचारायचा.

दसरू मात्र दुसऱ्या दिवसापासून घरी आल्यासारखा हिंडू लागला. बाजारात एका होडीत सोललेल्या बांबूच्या कोंबांचा ढीग पाहून तो ओरडलाच, "मुन्शीभाऊ, वास्ते! वास्ते हायेत इथी!"

"ओरडू नकोस. लोक पाहतात."

"पाहू द्या ना. आन हे पाहा, अंबाडी. आन थो सुकट. अवो, हे लोक त आमच्यासारखंच खाऊन राह्यले!"

होडीतल्या बाईला त्याचा शब्द कळत नव्हता, त्याला तिचा. तरी दोघे पाच मिनिटे हसून बोलले आणि तिने त्याला केळीच्या पानात भाजलेला भाताचा मुटका दिला. मी दूर उभा राहून घड्याळ पाहत होतो.

"जायचे आहे आपल्याला," मी म्हणालो.

"चला ना मंग. तुमी काऊन येवढे कावल्यासारखे करता?"

लाकडाचा घाट

ज्या वखारीचा माल पाहायचा होता ती एका विधवा बाईंची होती. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, पांढरी पोलकी आणि गडद निळे रेशमी वस्त्र नेसणाऱ्या. लहानपणी पेनांगच्या शाळेत शिकल्यामुळे त्यांचे इंग्रजी माझ्यापेक्षा चांगले होते. नदीच्या काठाला त्यांचे लठ्ठे शेकड्यांनी तरंगत होते. वरच्या जंगलात झाडाची साल गोलाकार कापून ते दोन-तीन वर्षे उभेच वाळवतात, मग हत्ती ते नदीत आणून सोडतात. ओले सागवान पाण्यात बुडते, हे वाळलेले तरंगते. दसरूने हे माझ्याकडून तीन वेळा समजून घेतले.

मग तो तराफ्यावर उतरला. पात्याला कोणीतरी दांडा बसवून दिला होता. ठोक, ठोक, ठोक. डोके कलते. पुढचा लठ्ठा. बाई सावलीत बसून हे कुतूहलाने पाहत होत्या. एका लठ्ठ्यापाशी तो थांबला. सरळ, गोल, देखणा लठ्ठा. बाईंच्या माणसांनी तो मुद्दाम पुढे काढून ठेवला होता.

"हा नाई," दसरू म्हणाला. "याच्या पोटात वारूळ हाये."

मी भाषांतर केले. बाईंचा मुकादम हसला. बाईंनी लठ्ठा करवतीला लावायला सांगितला. मध्यावर करवत गेली आणि आतून काळा भुसा भसाभस गळाला. वाळवीने पोखरलेली, हात जाईल एवढी पोकळी होती. मुकादमाचे हसू गेले. बाई मात्र उठून उभ्या राहिल्या आणि दसरूकडे पाहून त्यांनी हात जोडले.

"उद्या दुपारी तुम्ही दोघे माझ्याकडे जेवायला," त्या मला म्हणाल्या. "घरी नाही, त्याहून चांगल्या ठिकाणी. तुमच्या या माणसाच्या सन्मानासाठी."

मी दसरूला फक्त एवढे सांगितले की उद्या जेवायला बोलावले आहे. कोणाच्या सन्मानासाठी, ते सांगितले नाही. ते वाक्य माझ्या जिभेवर आले होते. मग वाटले, कशाला.

फाल्गुन वद्य एकादशी

ते उपाहारगृह म्हणजे कालव्याकाठचे एक जुने सागवानी घर होते. राजवाड्याच्या मुदपाकखान्यात वाढलेल्या दोन बहिणी ते चालवत. मोठमोठे अधिकारी आणि परदेशी राजदूत तिथे जेवायला येत. पायऱ्यांशी चपला काढल्या, एका मुलीने मोगरा घातलेल्या थंड पाण्याने आमचे हात धुतले. वर गेलो तर खालची जमीन आरशासारखी घासलेली. दसरू वाकला, फळीवर तळहात ठेवला आणि म्हणाला, "शंभर वर्साचं झाड असंल." त्या दिवशी त्या घराची एवढी खरी स्तुती दुसऱ्या कोणी केली नसेल. तीही मी बाईंना सांगितली नाही.

चटईवर बसलो. टेकायला तिकोनी उशा. समोर बुटका चौरंग, त्यावर काशाच्या थाळ्या. मधोमध भात, आणि भोवती वाट्या: नारळाच्या दुधातली हिरवी आमटी, केळीच्या पानात वाफवलेला मासा, चिंचेचे काहीतरी, बांबूच्या कोंबांची भाजी. कलिंगडाची कोरून कमळे केली होती. आपल्याकडे पंगतीत डावी-उजवी बाजू ठरलेली, मीठ कुठे, लिंबू कुठे, सगळे नेमलेले. इथे सगळे एकाच वेळी येते आणि प्रत्येकजण मधल्या वाटीतून एकेक चमचा आपल्या भातावर घेतो. एका वाटीत सगळ्यांचे चमचे. माझे अंग आकसले.

मी बाईंना सांगून ठेवले होते की आज माझा उपास आहे, फळे चालतील. त्यांनी फळांची परडी माझ्यासमोर ठेवली. पण भूक सपाटून लागली होती आणि इतक्यात एक वाटी आली, ती पाहून मला माझे घरच आठवले. पांढरे, टपोरे, मोत्यासारखे दाणे. वर भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबाची फोड. साबुदाण्याची खिचडी! परक्या देशात, एकादशीच्या दिवशी, न मागता समोर आलेली.

"हे मला चालते," मी बाईंना आनंदाने म्हणालो. "आमच्याकडे प्रत्येक उपासाला हे खातात. हे आमच्यात पवित्र मानतात."

बाईंच्या भिवया वर गेल्या. "खरंच? तुमच्याकडेही? मला वाटलं होतं परदेशी माणसाला हे आवडणार नाही." आणि त्यांनी स्वतः माझ्या थाळीत वाढले.

"मुन्शीभाऊ," दसरू हळूच म्हणाला, "थे नोका खाऊ."

"का?"

"थे तुमच्या कामाचं नाई."

"माझ्या कामाचे काय ते मला कळते. तू तुझे खा."

दाणे जिभेवर फुटत होते. आंबटसर, दुधाळ. मला वाटले, इथल्या साबुदाण्याची जातच वेगळी असेल. बाईंनी पुन्हा वाढले, मी पुन्हा घेतले.

"मुन्शीभाऊ, आयका ना. मी सांगून राह्यलो..."

"चारचौघांत मध्ये मध्ये बोलू नये, दसरू."

मग त्याने त्याच वाटीतून एक चमचा घेतला, तोंडात टाकला आणि त्याचा चेहरा उजळला. बाईंकडे पाहून तो आपल्या बोलीत बोलू लागला, मला सांगायचेही विसरून. "आमच्याइथी बी अस्संच. आंब्याच्या झाडावर पानं शिवून घर करते थे. उन्हाळ्यात काढतो. माय चटनी वाटे, लाल मुंग्यांसंगं, मीठ-मिरची लावून. ताप आला त थेच देत. बाई, तुमी कोनत्या झाडावरचं काढता? आन अर्धं घर मांगं ठेवता का सारंच काढता? आमी अर्धं ठेवतो. विचारा ना, मुन्शीभाऊ, बाईले विचारा."

मी विचारले नाही. माझे लक्ष त्याच्या बोटाकडे होते. आपल्या थाळीतून त्याने चिमटीत काहीतरी उचलून बाईंना दाखवायला धरले होते. ती लाल मुंगी होती. पांढऱ्या दाण्यांत राहून गेलेली, पाय आवळलेली, पूर्ण मुंगी. मी माझ्या थाळीत पाहिले. तिथेही दोन होत्या.

पुढचे जे झाले ते मी माझ्या लेखात दसरूच्या नावावर लिहिले आहे. मोगऱ्याच्या पाण्याचे काशाचे भांडे जवळ होते. मी ते ओढले आणि दोनदा वाढून घेतलेली मुंग्यांची अंडी, अधिक सकाळची केळी, त्यात ओकलो. शेजारच्या चटईवरचे साहेब बोलायचे थांबले. वाढणाऱ्या मुली जिथल्या तिथे उभ्या. बाई पांढऱ्याफटक पडल्या.

दसरू उठला. खांद्यावरचा नवा पंचा काढून त्याने भांड्यावर घातला, भांडे उचलले आणि घाई न करता पायऱ्या उतरून कालव्याकडे गेला. भांडे घासून परत आणले. मग बाईंसमोर बसून सूर्याकडे बोट केले, माझ्या डोक्याकडे केले आणि हात जोडले. ऊन लागले, असे त्याला सांगायचे होते. बाईंना जरा हायसे वाटले. मग त्याने माझी थाळी स्वतःपुढे ओढली आणि तिच्यातले सगळे, माझ्या उष्ट्यासकट, शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ले.

"काऊन?" मी बाहेर आल्यावर त्याला विचारले. मला राग आला होता, कोणाचा ते कळत नव्हते.

"वाढलेलं टाकून उठलं त घरवालीले का वाटंल? आपल्याले मानानं बलावलं ना थ्या बाईनं."

पण त्याआधी, चटईवर असतानाच, बाईंनी मला हळू आवाजात विचारले होते, "तुमचा हा माणूस मघाशी मला काहीतरी सांगत होता. काय?"

मी म्हणालो, "जेवण चांगले आहे म्हणतो. असे पदार्थ आमच्या देशात नाहीत."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, दसरूकडे पाहिले. घटकेपूर्वी मीच त्यांना सांगितले होते की आमच्याकडे हे पवित्र मानतात. पुढे त्यांनी मला काही विचारले नाही.

परत

परत आलो. दिवाळी अंकासाठी मासिकाने लेख मागितला. लिहायला बसलो तेव्हा फजितीचा प्रसंग गाळायचा असे ठरवले होते. पण त्याशिवाय लेखाला रंग येईना. मग पहिल्यांदा "आमच्यापैकी एकास" असे लिहिले. मग वाटले, वाचणारा विचारील, कोण? सहज लेखणी वळली. जंगलातला माणूस राजेशाही पाटावर बसतो, मुंग्या पाहून घाबरतो, काशाच्या भांड्यात ओकतो आणि मुन्शी प्रसंगावधानाने यजमानांची समजूत घालतो. लिहिताना मलाच हसू आले, हे सांगितले पाहिजे. पुढे वाचनालयात, गणपतीत, लग्नाच्या मांडवातसुद्धा लोक म्हणत, तो सयामचा भाग वाचा हो. मी वाचत असे. आवाज काढून वाचत असे.

माडिया माणूस लाल मुंग्या पाहून ओकेल, हे आलापल्लीच्या पलीकडे कोणाला खरे वाटले नसते. पण माझे वाचक आलापल्लीच्या अलीकडचे होते.

लेख आला त्याच हिवाळ्यात बाईंचे पत्र वखारीत आले. इंग्रजीत होते म्हणून माझ्या हाती आले. त्यांनी दसरूला एका मोसमासाठी बोलावले होते. येण्याजाण्याची सोय त्या करणार होत्या. मी रहमतशेठना दसरूला बोलावल्यापुरताच मजकूर सांगितला. शेठच्या समोर अंक उघडाच पडला होता.

"मुन्शी, तुम्हीं ने लिखा है," शेठ म्हणाले. "जो आदमी उनके दस्तरखान पे उलटी करके आया, उसको फिर भेजूँ? हमारी इज्जत का क्या? वो बाई तो भली है, लिहाज में बुला रही है. लिख दो कुछ भी."

शेठचा यात दोष नाही. त्यांनी माझ्या लिहिण्यावर विश्वास ठेवला. त्या क्षणी मी एक वाक्य बोललो असतो तर पुरे होते. शेठ पोट धरून हसले असते, आठवडाभर मला चिडवले असते, आणि दसरू गेला असता. मी पत्र हातात धरून उभा राहिलो. मग बसलो आणि उत्तर लिहिले: दसरू आजारी आहे, येऊ शकत नाही. शेठने "कुछ भी" म्हटले होते. आजार माझ्या डोक्यातून आला.

आलापल्लीच्या लाकूड-डेपोत दसरू आला की बाबू लोक आणि ट्रकवाले पोट धरून ओकल्याची नक्कल करत. सयामवाला, अशी हाक मारत. एक-दोन वर्षांत त्याने लठ्ठे ठोकायचे काम सोडले आणि गावी धान करू लागला. सोडले ते का, हे मी त्याला विचारले नाही. बाईंचे पत्र मी फाडले नाही, एवढेच. का फाडले नाही ते मला आजही सांगता येत नाही.

आलापल्ली

संपादकांच्या पत्रानंतर दहा दिवस मी घरात येरझाऱ्या घातल्या आणि अकराव्या दिवशी चंद्रपूरहून एसटीत बसलो. आता गडचिरोली वेगळा जिल्हा आहे, रस्ता डांबरी आहे. आलापल्लीपर्यंत तीन वेळा वाटले, उतरावे आणि परतीची गाडी धरावी. आलापल्लीहून एका जीपने दसरूच्या गावात सोडले, तेव्हा दुपारचे बारा वाजले असतील.

तो मांडवाखाली बांबूची टोपली विणत होता. केस पांढरे, डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा आलेला. त्याची मुलगी सोमी धान पाखडत होती.

"कोन हाये?"

"मी. बल्लारशाचा मुन्शी."

हात थांबले नाहीत. "मुन्शीभाऊ? तुमी मेले नाई अजून?"

"अजून नाही."

"बसा मंग. सोमे, पानी दे यायले. हे मोठे लेखक हायेत."

मी बसलो, उठलो, पुन्हा बसलो. "दसरू, मी तुझ्याबद्दल एक खोटी गोष्ट लिहिली होती."

"मालूम हाये. डेपोच्या बाबूनं वाचून दाखवली. सारे हासले. मी बी हासलो."

"तू का हसलास?"

"मंग का करू? छापलेलं होतं थे. मी म्हनलं, मी नाई ओकलो, मुन्शी ओकला. त अजूनच हासले."

सोमी सूप हातात धरून उभी राहिली होती. "बाबा, हेच का थे?"

"हेच थे."

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले, पाण्याचा गडवा माझ्यासमोर ठेवला आणि पुन्हा पाखडू लागली. मला वाटले, झाले. त्याला ठाऊक होते, त्याने तीस वर्षांपूर्वीच सोडून दिले, आता निघावे. उठायला पाय जमिनीवर टेकवलेसुद्धा. पण खिशातले बाईंचे पत्र त्याला ठाऊक नव्हते.

"आणखी एक आहे," मी म्हणालो. "त्या बाईंनी तुला परत बोलावले होते. एका मोसमासाठी. पत्र आले होते. मी त्यांना कळवले की तू आजारी आहेस."

आता हात थांबले. बांबूची कामटी हातातून सुटली आणि सरळ झाली.

"मले बलावलं होतं?"

"हो."

"थ्या बाईनं? का लिवलं होतं तिनं?"

मी पत्र काढले. घड्यांवर फाटले होते. इंग्रजी पाहून मराठीत सांगू लागलो, आणि या खेपेला एकही शब्द गाळला नाही. "'ज्या माणसाने माझ्या लठ्ठ्यातली वाळवी ऐकली, त्याला पाठवा. माझ्या माणसांनी त्याच्याकडून ऐकायला शिकावे अशी माझी इच्छा आहे. जेवताना तो मला काही विचारत होता, ते माझ्यापर्यंत आले नाही. ते मला त्याच्याकडूनच समजून घ्यायचे आहे, भाषा नसली तरी आम्ही दोघे झाडे ओळखतो. ज्या गृहस्थांचे पोट नाजूक आहे, त्यांना सोबत येण्याची तसदी देऊ नये.'"

सोमी फसकन हसली. दसरू हसला नाही.

"फिरून वाचा."

मी पुन्हा वाचले. तिसऱ्यांदा त्याने फक्त मधले वाक्य वाचायला लावले, झाडे ओळखतो ते. मी माफी मागायला तोंड उघडले तसा त्याने हात वर केला.

"गेलो असतो मी," तो म्हणाला. "एका उन्हाळ्यासाठी गेलोच असतो." मग सोमीला म्हणाला, "पोरांच्या बुकातलं फाड एक पान. पेन आन." आणि मला, "लिवा."

"काय लिहू?"

"जबाब. तिनं इच्यारलं ना. तिले खोटा जबाब गेला. आता खरा लिवा."

"दसरू, तीस वर्षे झाली. बाई असतील की नाही..."

"तिचे लोक असतीन. घर असंल. लिवा, दसरू बिमार नोहता. धडधाकट होता. लिवा."

मी लिहिले.

"मुन्शीनं मले सांगतलंच नाई. लिवलं?"

"लिहिले."

"आमी अर्धं घर झाडावर ठेवतो, म्हनजे फिरून दुसऱ्या साली भेटते. तुमी का करता, थे कळवा. लिवलं? आता सारं वाचा. अंगरेजीत नोको, मले समजंल असं."

मी वाचले. "मुन्शीने मला सांगितलेच नाही" ही ओळ मी हळू आवाजात उरकली. तो म्हणाला, तिथून पुन्हा. मी तिथून पुन्हा वाचले. सोमीने चुलीतला कोळसा खलून आणला, त्याने अंगठा बुडवला आणि हाताने कागदाची कड चाचपून खाली उठवला. मग तो हात धुवायला उठला आणि जाता जाता म्हणाला, "आता तुमी बी खाली तुमचं नाव टाका, मुन्शीभाऊ. पुरं नाव टाका."